निर्धूम भट्टीच्या धुराची हकीकत

श्रीअग्निनारायण प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, या राज्यातून धूर समूळ नष्ट जाहला, त्याची ही हकीकत. नष्ट जाहला म्हणजे तैसा ठराव जाहला.

राज्यात नदीपार लोखंडाच्या भट्ट्या कोळशावर धडधडत असत, आणि त्यांचा धूर आवरावा म्हणोन विसाजीपंत खासनीस यांसी तरुणपणी परमुलखी विद्या शिकवून आणिले आणि धूरनिवारणाची वस्त्रे दिली. पंत हुशार आणि कष्टाळू. त्यांणी धोरण लिहिले, मग सुधारित धोरण लिहिले, आणि ते वाचावयास विमानात बसोन देशोदेशी गेले. टाळ्या जाहल्या, शाली जाहल्या, केस पांढरे जाहले. भट्ट्या काळ्याच राहिल्या. मग पंतांस रुखरुख लागोन त्यांणी दरबारी अर्ज केला, “महाराज, एक भट्टी विजेवर चालवून दाखवितो. पसंत पडली तर साऱ्या पालटाव्या, न पडली तर मज घरी बसवावे.” महाराजांनी मान डोलाविली.

आता या राज्याचा रिवाज ऐसा की भट्टी पेटवितेसमयी महाराज अलीकडल्या तीरी गच्चीवर विराजमान होत, आणि चिमणीतून धूर निघाला की मिशीवर हात फिरवीत, आणि मग तोफ होऊन कामगारांस पेढे वाटीत. पंतांनी सर्व विचार केला, मिशीचा केला नाही.

मुहूर्ताचे दिवशी वीज सोडिली आणि लोखंड पाण्यासारिखे वाहू लागले. पलीकडे कामगार नाचू लागले. अलीकडे महाराज जुन्या चिमणीकडे टक लावोन बसले आणि पुसते जाहले, “पंत, पेटविता कधी?”

“पेटली, महाराज.”

“मग धूर?”

“धूर नाही, हेच तर तिचे…”

“अहो पंत,” दिवाणजी हळूच वदले, “लग्न लागले म्हणता, आणि बोहल्यावर नवरा दिसेना!”

“महाराजांनी पलीकडे चलावे, डोळ्यांदेखत दाखवितो.”

“या उन्हात? छे! तिथे उकडते,” महाराज बोलिले आणि उठू लागले.

तेव्हा दिवाणजींनी पंतांचा अंगरखा ओढोन म्हटले, “हट्ट सोडा. चिमणीत चार घमेली कोळसा आणि ओला पेंढा टाका. मिशीला हात लागला की साऱ्या भट्ट्या तुमच्या. एका धुराने काय बिघडते?”

पंतांचे डोळ्यांपुढे अवघा जन्म उभा राहिला. मग त्यांणी मान खाली घालोन पलीकडे इशारत केली.

काळाकुट्ट धूर आभाळी चढला. महाराज संतोष पावले, मिशीवर हात गेला, तोफ जाहली, आणि आज्ञा जाहली की सर्व भट्ट्या पंतांच्या पद्धतीने, आज पाहिल्या तैशाच कराव्या, धुरात कसूर न व्हावी. पंत खोकत खोकत मुजरा करिते जाहले. मग कारभाऱ्यांनी विचार केला की विजेच्या तारा येण्यास अवकाश आहे, तरी जे आधी होण्याजोगे ते आधी करावे. आणि सर्व चिमण्यांखाली चार चार घमेली जादा कोळसा आणि ओला पेंढा रचिला.

सारांश, पंतांस धूरनिवारणरत्न किताब मिळाला, तारा अद्याप यावयाच्या आहेत, आणि राज्यास हल्ली कोळसा पूर्वीपेक्षा थोडा जास्त लागतो.