सात नावांचे तात्या

साताऱ्यात आमच्या शेजारी तात्या एकटेच राहायचे, पण त्यांच्या पत्त्यावर पत्रं यायची सात जणांची. बबन शिंदे, रामभाऊ कुलकर्णी, विल्सन डिसोझा... नवा पोस्टमन एकदा वैतागला. "आवं तात्या, ह्यातलं तुमी कोण?"

"तुला जरुरत काय?"

हे तात्यांचं ठरलेलं वाक्य. फौजेत वायरलेसवर नोकरी झालेली. लकी ड्रॉचं प्रत्येक कुपन ते निराळ्या नावानं भरत. मग बबन शिंदेला विम्याची जाहिरात आली, की तात्या थेट कुकरच्या दुकानात. "बबन फकस्त तुझ्या कुपनावर जन्मला व्हता, गड्या. विमावाल्याला कसा गावला?" दुकानदार घाम पुसत बसायचा.

मी तेव्हा ग्राहक चळवळीची पत्रकं वाटत फिरायचो. 'आमचं नाव हा तुमचा माल नव्हे!' हे पत्रक तात्यांमुळेच सुचलं.

नव्वदचं दशक सरता सरता गावात सायबर कॅफे निघाला. फुकट ईमेलच्या फॉर्मनं तात्यांना जन्मतारीख, पगार, छंद सगळं विचारलं. तात्यांनी छंद लिहिला, पोहणे. आठवड्यात पोहण्याच्या चड्डीची जाहिरात हजर.

"बघ रं! आमच्या गावाकडं, म्हसवडात, प्यायला टँकर, आन् ह्यो चड्डी इकतोय!"

तेव्हापासून कॅफेतून उठण्याआधी ते मला कॉम्प्युटरवरची सगळी हिस्टरी पुसायला लावत.

"एवढं लपवता कशाला, तात्या?" मी एकदा विचारलं.

"तरुणपणी सांगलीत खोली बघितली. मालकानं कागदावर नाव, गाव, जात लिवून घेतली. आमी बौद्ध. सांजच्याला म्हनला, खोली पावण्याला दिली." मग म्हणाले, "तवापासनं इचारतो, जरुरत काय?"

त्याच महिन्यात मला माजी सैनिकांचं एक पान सापडलं. जुने सोबती शोधायला नाव, गाव, युनिट भरायचं. मी सवयीनं 'बबन' टाईप केलं.

"पूस ते. जात इचारलीय?"

"नाही."

"मग खरं लिव. भगवान राणू सरतापे, म्हसवड. माझा जोगिंदर पंजाबात कुठंतरी हाय. एका ताटात जेवलो आमी. त्येला बबन शिंदे गावून काय उपेग?"

मी हिस्टरी पुसायला लागलो, तर त्यांनी हात धरला. "आज ऱ्हाऊ दे."

मग रोज एकच प्रश्न. "खऱ्या नावावर काय आलं का रं?" वीस दिवस काहीच नाही. एकविसाव्या दिवशी ईमेलवर जोगिंदरच्या मुलीचं पत्र आलं: वडील विचारतात, भगवान अजून झोपेत शीळ घालतो का?

तात्यांनी ते कागदावर छापून घेतलं. वाटेत पोस्टमन सायकलवरून येताना दिसला. तात्यांनी त्याला हात करून थांबवलं आणि कागदावरच्या नावावर बोट ठेवलं.

"मागं इचारलं व्हतंस न्हवं? ह्यो मी."