दोणीतली लाट

शेळ्या रानातून तहानेल्या यायच्या आणि ढोले सरांच्या अंगणात ताटकळत उभ्या राहायच्या, कारण त्यांच्या पाण्याच्या दोणीत सरांचं गणित चालू असायचं. लांबट दगडी दोणीत ते विटांचे तुकडे उभे करत. आधी सारख्या अंतरावर, मग कसेही. एका टोकाला पाण्यात टिचकी मारायची आणि लाट कुठवर जाते ते बघत बसायचं.

सर सेनगावच्या कॉलेजात शिकवायचे, ही नव्वदनंतरची गोष्ट. त्यांचा विषय विजेचा, म्हणून गावाला वीज देणारी डीपी जळाली की लोक त्यांच्या दारात. "मी कागदावरचा वायरमन हाये," ते सांगून थकले.

ते म्हणायचे, विजेचा कण लाटेसारखा चालतो, बराबर? अणू ओळीनं बसले तर सुळकन जातो, बराबर? वेडेवाकडे बसले की लाट ज्याला-त्याला धडकून माघारी फिरते आणि कण जागीच अडतो. हे सगळं ते रोज बायकोला सांगत. कौसल्या तूर निवडत ऐकायची आणि शेवटी विचारायची, "मंग ते आडतं काहून?" की सर पुन्हा पहिल्यापासून!

भिंतीअलीकडं माझा जीव जळायचा, खोटं कशाला बोलू? आमचे हे दिवसाकाठी दोनच गोष्टी बोलत, "चहा ठिव" आणि "दार लाव". पुड्यांचे कागद वाचून शिकलेली बाई मी, आणि विजेचं पुराण त्या अंगठेबहाद्दरणीला?

एका उन्हाळ्यात कौसल्या भावजयीच्या बाळंतपणाला पुसेगावला गेली. दोन दिवसांत सर भिंतीवरून डोकावले. "आक्का, जरा ऐकता का?" तव्यावरची भाकर तशीच टाकून मी गेले. जीव ओतून ऐकलं आणि मीच म्हणाले, "म्हंजे अडवणारा कुणी एक दांडगा न्हाई. माघारी फिरलेल्या लहान-लहान लाटाच एकमेकींत मिसळून त्याला बांधून घालत्यात."

"बराबर," सर म्हणाले. पहिल्यांदाच प्रश्न न करता. मग विटा काढून त्यांनी शेळ्यांना पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी मी वेणीफणी करून बसले. हाक नाही. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, तर म्हणाले, "तुमाला समजलं ना आक्का. आता काय सांगू?"

बाळ बघायचं निमित्त करून मी जीप पकडली आणि पुसेगाव गाठलं. मला कसं एका बैठकीत समजलं, ते कौसल्याला ऐकवलं. पाळणा हलवता हलवता ती म्हणाली, "नुसती एकच ओळ आसंल तर जराशा गोंधळानंबी आडतं, आक्का. आख्ख्या ढिगात गोंधळ थोडा आसंल तर जातं, आसं समदे म्हंत्यात. तेच सिद्ध हून न्हाई राहिलं त्यांच्यानं."

मी पाळणा हातानं थांबवला. "तुला समजतं?"

"लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजलं. पर त्यांना इचारणारं गावात दुसरं हाये कोण? सांगू नका बरं त्यांना."

ती परत आली त्या संध्याकाळी शेळ्या पुन्हा ताटकळल्या. भिंतीपलीकडून ऐकू आलं, "मंग ते आडतं काहून?" आणि सरांचा आवाज कसा फुलला म्हणता!

मी उठले, ह्यांच्यापुढं चहा ठेवला आणि विचारलं, "अवो, सोयाबीनच्या दोन ओळींत अंतर किती ठिवायचं?"

जन्म शेतात गेलेली बाई मी. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, कप खाली ठेवला आणि सांगायला लागले.