रिकामी ओळ आली की अर्ज संपतो

वाचणे आणि वाचून झाले असे ठरवणे ही दोन निराळी कामे आहेत. मागासलेली कार्यालये पहिल्यातच अडकून पडतात. प्रगत कार्यालये थेट दुसऱ्याला हात घालतात. आवकबाबूंचे कार्यालय गेल्या वर्षापासून प्रगत होते.

आवकबाबू म्हणजे आवक शाखेचे कारकून. पूर्वी आलेला प्रत्येक अर्ज ते चष्मा पुसून वाचत. आता कर्मचाऱ्यांचे अर्ज संगणकावर टाइप होऊन एकामागून एक प्रणालीत शिरत आणि प्रणाली ते ओळीओळीने वाची. एक अर्ज कुठे संपला हे तिला कळावे म्हणून सोपा नियम होता: रिकामी ओळ आली की अर्ज संपला. (नियम इतका सोपा होता, की तो कोणाला सांगण्याची गरज भासली नाही.)

घरी वडील अंथरुणाला खिळलेले, दोन मुले आणि त्यांच्या दिमतीला एकटी बायको. आवकबाबू मात्र नोकरीपायी दूर. म्हणून त्यांनी बदलीचा अर्ज केला. शाळेत शिकवला होता तसाच, ऐसपैस. वर नाव, हुद्दा आणि 'आपल्या कृपेने मी येथे समाधानी आहे'. एक ओळ मोकळी. मग घरची अडचण व बदलीची विनंती. पुन्हा एक ओळ मोकळी. शेवटी 'कळावे, आपला नम्र'.

प्रणालीने हे तीन अर्ज धरले. पहिल्यातील कर्मचारी समाधानी, म्हणून त्याला आहे तिथेच तीन वर्षे मुदतवाढ. दुसरा निनावी, सबब दप्तरी दाखल. तिसऱ्यात कोणीतरी आपण नम्र असल्याचे कळवले होते. नोंद घेऊन निकाली. अशा रीतीने निकाली अर्जांची संख्या तिपटीने वाढली आणि साहेबांना कार्यक्षमतेची ढाल मिळाली. (ढाल ठेवायला कपाट हवे, हा साहेबांचा अर्ज अजून निनावी आहे.)

"अहो, काय झालं बदलीचं?" बायकोचा फोन आला.

"समाधानी ठरलो."

"कोण म्हणतं?"

"मीच. पहिल्या परिच्छेदात."

"आणि मामंजींना अंघोळ कोण घालणार? तुमचा पहिला परिच्छेद?"

प्रणाली लिहिणाऱ्या बाई वरच्या मजल्यावर बसत. भिडस्त आवकबाबू जिन्यातून दोनदा माघारी फिरून शेवटी त्यांच्यापुढे उभे राहिले.

"काका, मधे ओळ कशाला सोडलीत?"

"श्वास घ्यायला."

"तिला वाटलं, तुमचं आटोपलं. एका दमात लिहा हो. ओळ म्हणून सोडायची नाही."

बाबूंनी एका दमात लिहिले. ओळ कुठेही सोडली नाही, शेवटीसुद्धा नाही. (सूचना पाळण्यात ते पहिल्यापासून काटेकोर.) त्यामुळे प्रणाली अदबीने पुढे वाचत राहिली. पाठोपाठ हिशेब शाखेतल्या बाईंचा अर्ज आला, तोही तिने बाबूंचाच समजून वाचला आणि मग कुठे तिला रिकामी ओळ लागली. एका अर्जात दोन नावे आढळल्यास पहिले आणि दोन मागण्या आढळल्यास शेवटची ग्राह्य धरावी, असा पोटनियम होता.

आदेश निघाला. आवकबाबूंना सहा महिने भरपगारी बाळंतपणाची रजा. सही ठोकताना साहेबांनी स्वतःच्या हाताने 'प्रकृतीस जपावे' असेही लिहिले.

बाबू पुन्हा जिना चढले. "बाई, यात काहीतरी चुकलंय."

"चुकलंय कसं, काका? या वेळी तिने अगदी शेवटपर्यंत वाचलंय!"

मग त्यांनी घरी फोन लावला. "मिळाली! सहा महिने!"

"बदली?"

"बाळंतपणाची रजा."

"कोणाला?"

"मला."

"बरं. मग आता फार वेळ उभे राहू नका. पहिली गाडी पकडा."

बाबू गेले. आता वडिलांना रोज ऊन पाण्याने अंघोळ मिळते, मुलांची अक्षरे सुधारली आहेत, बायको चार घास बसून खाते. सगळे कसे गोड झाले. वाचकांच्याही जिवाला बरे वाटले असेल.

हिशेब शाखेतल्या बाई नववा महिना लागला तरी टेबलाशी बसून बेरजा करत आहेत. त्यांच्या नावाचा अर्जच आलेला नाही, असे प्रणाली सांगते. तिचे सोडा, ती यंत्र. अर्ज तुमच्याही डोळ्यांखालून गेला होता. बाबू घरी पोचले तेव्हा, ती रजा कोणाची, हे तुम्ही तरी विचारलेत का?