निजून पसंत केलेलं घर

सुभेदारांनी माझं काम पहिल्यांदा तपासलं ते जमिनीवर उताणं पडून.

दिवाणखान्याची फरशी नुकतीच बसवून झाली होती. पन्नाशी उलटलेला, धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा हा माणूस दाराशी वहाणा काढून आत आला, फेटा उतरवून त्याने उशाला घेतला आणि खोलीच्या मधोमध आडवा झाला. डोळे उघडे, हात छातीवर. मला वाटलं, भोवळ आली. मी पाण्यासाठी ओरडलो.

"पानी कशाला, पेंटर? गप ऱ्हावा जरा," सुभेदार खालूनच म्हणाले. "खोली निजून बघायची असती. हुबं ऱ्हाऊन काय, कुणीबी बघतंय."

मग छताकडे, भिंतींकडे, खिडक्यांकडे सावकाश नजर फिरवून त्यांनी निकाल दिला, "नामंजूर."

मी पेंटर नव्हतो. मुंबईच्या कलाशाळेत घरं आतून सजवायचं शिक्षण घेऊन सांगलीला परतलो होतो आणि हळदीच्या व्यापाऱ्यांचे दिवाणखाने सजवत होतो. व्यापाऱ्यांना काय हवं असतं ते मला पाठ झालं होतं. दारातून येणाऱ्या पाहुण्याचे डोळे दिपले पाहिजेत, बस्स. सुभेदारांना मात्र मी काय करतो हे शेवटपर्यंत कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी पेंटर हा शब्द सोडला नाही.

आधीच्या लढाईत ते इराकपर्यंत जाऊन आले होते. निवृत्त होऊन ऊस लावला. दुसरी लढाई सुरू झाली, गुळाला भाव आला आणि पलूसच्या बाजूला कृष्णेच्या उंच दरडीवर त्यांनी आपल्या आणि दोन धाकट्या भावांच्या कुटुंबांसाठी हे दुमजली घर काढलं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. भावांची पोरं मात्र घरभर होती. लढाईमुळे सिमेंटला परवाना लागत होता आणि ब्रह्मदेशचं सागवान बंद झालं होतं, तरी सुभेदारांनी सगळं मिळवलं. कसं, ते मी विचारलं नाही.

नदीकडची सगळ्यांत मोठी खोली त्यांची. तिच्यासाठी मी खास बिलोरी झुंबर आणलं होतं. सुभेदार त्याच्याखाली निजले.

"काढा. खाली निजलेल्याला वाटतंय, आता पडंल डोस्क्यावर."

समोरच्या भिंतीवर माणसाएवढा आरसा लावला. "आरसा नगं. ह्या खोलीत एकबी आरसा नगं." छताला स्वच्छ पांढरा रंग दिला. "पांढरा नगं. हिरवा द्या. आडसाली उसावानी." हिरव्या छताची कल्पना ऐकून गवंडी पाठ फिरवून हसले. मी हसलो नाही. सांगलीत हे कुणी पाहिलं तर पुढचं काम मिळणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण खरं भांडण झालं खिडक्यांवरून. सुभेदार म्हणाले, नदीकडच्या खिडक्या खाली आणा, गुडघ्याच्याही खाली. मी म्हणालो, चांगली भिंत फोडावी लागेल, घर गोठ्यासारखं दिसेल, आणि मला हे जमणार नाही. मी नकाशांची गुंडाळी बांधायला लागलो.

"पेंटर, हितं निजा."

"काय?"

"निजा म्हंतो."

त्या आवाजापुढे पलटण हलत असेल, माझं काय? मी इस्त्रीच्या कपड्यांनिशी फरशीवर आडवा झालो.

"काय दिसतंय?"

"भिंत. वर थोडं आभाळ."

"नदी?"

"नाही दिसत."

"आमची मंडळी पाचगणीला हाय," सुभेदार माझ्या शेजारी उकिडवे बसत म्हणाले. "छातीचा आजार. दोन वर्सं झाली, निजून हाय. डागदर म्हनला, आता घरी न्या. औषिद संपलं आमचं." त्यांनी बोटाने नदीकडची भिंत दाखवली. "तिला हितनं नदी दिसाया पायजे. हुबं ऱ्हानाऱ्याचं घर न्हवं ह्ये."

मी उठलो. कपडे झटकले. खिडक्या खाली घेतल्या आणि छताला मी स्वतः शिडीवर चढून हिरवा रंग दिला. त्या दिवशी मी खरोखरचा पेंटर झालो.

बातमी फार दिवस लपली नाही. क्षयाचा रोगी घरात येणार म्हटल्यावर धाकटे भाऊ, बापूराव, एका दुपारी बांधकामावर आले. माणूस वाईट नव्हता. त्यांची एक मुलगी याच दुखण्याने गेली होती. ते बोलताना सुभेदारांकडे बघत नव्हते, वाळूच्या ढिगाकडे बघत होते.

"दादा, वैनी आली तर आमी ऱ्हायला येनार न्हाई. मधलाबी न्हाई. पोरं हायत आमची."

"व्हय," सुभेदार म्हणाले.

"रागावू नगा."

"न्हाई रं. जा तू."

बापूराव गेले. सुभेदार आत गेले आणि भावांसाठी बांधलेल्या एकेका खोलीत जाऊन निजून आले. त्या दिवशी त्यांनी मंजूरही म्हटलं नाही आणि नामंजूरही नाही.

सुभेदारांच्या पत्नी, अनसूयाबाई, मोटारीतून आल्या; खुर्चीत बसवून चौघा गड्यांनी त्यांना आत आणलं. त्यांचं वजन दहा वर्षांच्या पोरीएवढंच भरलं असतं. खोलीत का आरसा नको होता, ते त्यांना पाहिल्यावर कळलं. पलंगावर ठेवल्यावर सुभेदार बाजूला झाले आणि बक्षीस समारंभाला उभे असल्यासारखे ताठ उभे राहिले. समोर कृष्णा होती. पलीकडे मळीची रानं, पाणी प्यायला उतरलेल्या म्हशी, उन्हात चकाकणारं पात्र. मी पडदे बांधायचं निमित्त करून कोपऱ्यात थांबलो होतो.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग पदर तोंडाशी धरून खोकल्या आणि म्हणाल्या, "आवं, ह्या मागच्या भिंतीपल्याड काय हाय?"

"सैपाकघर."

"मंग भिंत कशाला?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

"दोन वर्सं डोंगर बघितला," बाई म्हणाल्या. "लय चांगला हुता. पर येक सबूद बोलला न्हाई कवा. आता नदी बघू? मला मानसं दावा की. चूल दावा."

"मंजूर," सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

बाईंना पडवीत हलवून आम्ही ती भिंत फोडली. धूळ धुऊन काढली आणि पलंग फिरवला. सागवानी चौकटीच्या, परवान्याच्या सिमेंटच्या त्या खिडक्या आता त्यांच्या पाठीशी आल्या. समोर आलं ते तीस माणसांचा स्वयंपाक होईल असं भलं मोठं स्वयंपाकघर, ओळीने मांडलेल्या चुली आणि नवी कोरी भांडी. त्यात माणूस मात्र एकही नव्हतं. भावजया येणार नव्हत्या. गावातली कुठली बाई पैसे देऊनही आत यायला तयार होईना.

तेव्हा सुभेदार चुलीपुढे बसले.

पलटणीत त्यांना लांगरी रांधून वाढायचा आणि घरी बायको. पन्नाशीपर्यंत त्यांनी चूल कधी फुंकली नव्हती. मी पुढे उरलेलं सुतारकाम बघायला गेलो तेव्हा आतून धुराचा लोट येत होता आणि पलंगावरून हुकूम सुटत होते.

"लाकूड मागं वडा. मागं! आवं, पीठ पातळ झालंय, थापताय का सारवताय?"

"गप. काटवटीत चिकटतंय ह्ये."

"हातावर घ्या. फिरवा. आता टाका तव्यात. पानी लावा वरनं. पानी!"

भाकरीचं एक टोक कृष्णेकडे, दुसरं साताऱ्याकडे गेलं होतं आणि मधला भाग कोळसा झाला होता. सुभेदारांच्या मिशीला पीठ लागलं होतं. बाई हसायला लागल्या, मग खोकायला लागल्या. सुभेदार धावत जाऊन त्यांची पाठ चोळू लागले.

"हसवू नगासा," त्या कशाबशा म्हणाल्या. "मरंन मी."

"मंग हसू नगंस."

दूध होतं, अंडी होती, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं होतं. बाई त्यातलं थोडं खायच्या, पण करपलेल्या भाकरीच्या कडेचा मऊ घास मोडून आधी तो तोंडात घालायच्या. मी पाहिलं आहे.

गुऱ्हाळं चालू असताना त्या गेल्या.

वर्षाच्या आत भाऊ नव्या घरात राहायला आले. खोल्या चुन्याने धुऊन काढल्या होत्या. बापूरावांनी मला निरोप पाठवला की स्वयंपाकघराची भिंत परत घालायची आहे. मी गेलो तर घर पोरांनी गजबजलं होतं, सगळ्या चुली पेटल्या होत्या, मसाल्याचा ठसका बाहेरपर्यंत येत होता. बापूरावांनी मला बाजूला घेतलं.

"दादा आमच्यात जेवत न्हाईत, पेंटर. गोठ्यामागं येगळी चूल मांडलीया. गावात आमची मान खाली झाली. तुमी बोला जरा."

मी गोठ्यामागे गेलो. तीन दगडांवर तवा होता. सुभेदार भाकरी थापत होते.

"भिंत घालायला आलोय," मी म्हणालो.

"घाला. बायामानसांना आडोसा लागतो. त्यांचं बराबर हाय."

"आणि तुम्ही इथं का?"

"पोरं ल्हान हायत घरात. मी तिच्याजवळच निजत हुतो की. उगा कशाला?" त्यांनी भाकरी उलटली. "बसा. खानार का माज्या हातचं?"

मी बसलो. त्यांनी पितळीत पिठलं वाढलं आणि वर भाकरी ठेवली. पातळ, गोल, टम्म फुगलेली, कुठे एक डाग नाही. मी घास मोडला.

"भाकरी झकास झालीय, सुभेदार."

त्यांचा हात पिठात थांबला.

"आता जमतीया," ते म्हणाले. "तिच्या वाटनीला समद्या करपलेल्याच आल्या."

त्यांनी पिठाचा दुसरा गोळा उचलला. मी मान खाली घालून पहिली संपवली आणि त्यांनी विचारायच्या आधीच दुसऱ्या भाकरीसाठी पितळी पुढे केली.