तिसऱ्या मजल्यावरचं पोट

आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एका शेळीचं पोट राहतं. बाकीची शेळी कुठे आहे, कुणालाच माहीत नाही.

पोटाचे मालक भोईरकाका. काकू गेल्यापासून घरात ते आणि हे पोट, दोघंच. आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत पाइपलाइनची ड्रॉइंगं काढण्यात त्यांचा जन्म गेला. नळ गळो नाहीतर कुणाचं लग्न मोडो, त्यांचं उत्तर ठरलेलं : ‘‘आधी लाइन चेक करायची.’’ पंगतीतही शेजाऱ्याच्या घशाकडे बघत पुटपुटतील, ‘‘इनलेट जोरात आहे. पुढे चोकअप होणार.’’

त्यांची मुलगी रूपा परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीच्या मुलांना शिकवते. वर्गात फिरवून, उघडून दाखवायला तिला शेळीचं पोट हवं होतं, कॉम्प्युटरवरचं. तिने स्कॅनमधले आडवे काप पाठवले. काका एकेका कापाची कड माउसने गिरवतात, कॉम्प्युटर त्या चकत्या एकावर एक रचतो आणि चार कप्प्यांचं पोट उभं राहतं.

मी कॅम्प पाचमधल्या एका फर्निचरच्या दुकानासाठी कॉम्प्युटरवर सोफ्यांची थ्रीडी डिझाइनं काढतो. ते पोट पहिल्यांदा बघून मी विचारलं होतं, ‘‘किती सीटर, काका?’’ पुढचे दोन रविवार मी दुसऱ्या कप्प्याला उशीच समजत होतो.

दर रविवारी अकराला रूपाचा व्हिडिओ कॉल. ‘‘बाबा! परत भोक? चारा बाहेर सांडेल ना! आणि गोळ्या घेतल्या का? तो शर्ट किती दिवस घालताय?’’ पाऊण तास खरडपट्टी. काका मान खाली घालून ऐकायचे. जन्मभर बिनचूक ड्रॉइंगं काढलेला माणूस दर आठवड्याला नवं भोक पाडतोच कसा, मला समजेना. वय झालं, असं मी ठरवून टाकलं.

गेल्या रविवारी दूध उतू गेलं म्हणून काका आत धावले. स्क्रीनवर तिसऱ्या कप्प्याला हे एवढं भोक. सोफ्याच्या फटी बुजवायचं बटण मला पाठ. दाबलं. भोक गायब. वर उत्साहात रूपाला फाइलही पाठवून दिली.

अकराला कॉल. ‘‘बाबा, एकदम परफेक्ट! उद्याच वर्गात दाखवते. चला, ठेवते हं.’’

दोन मिनिटांत कॉल संपला.

काका फोनच्या काळ्या काचेकडे बघत राहिले. ‘‘भोक कुणी बुजवलं?’’

‘‘मी!’’ मी छाती फुगवून सांगितलं.

‘‘बरं केलंस.’’

माझं काय चुकलं ते कळेना. पण काहीतरी चुकलं होतं नक्की, कारण काकांनी चहाला विचारलं नाही. भोक परत पाडून द्यावं म्हणून मी जुन्या फाइली उघडत गेलो. सगळ्यात जुनी, तीन महिन्यांपूर्वीची. चारही कप्पे धड. एक भोक नाही. फाइलचं नाव, ‘फायनल’.

मी ती गपचूप बंद केली.

‘‘काका, म्हशीचं पोट केवढं असतं हो?’’

काकांनी मान वर केली. ‘‘मोठंय बाबा. लाइन लांब.’’ मग चष्मा शोधत म्हणाले, ‘‘लीकेजपण बरीच निघतील.’’

‘‘निघणारच.’’

‘‘थांब, रूपाला विचारतो.’’ त्यांनी फोन उचलला. ‘‘तू चहा टाक. आणि ह्या वेळी कशाला हात लावू नको.’’