अर्ज दोन प्रतींत

विषय : तीन ठिकाणच्या नोकरीची पेन्शन निवृत्तीपूर्वी एकत्र करून घेणेबाबत.
संदर्भ : १) पत्नीचे तोंडी आदेश, वेळोवेळी. २) पत्नीची स्मरणपत्रे, बहुधा जेवताना.

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सादर करण्यात येते की, पाणीपुरवठा कार्यालयातील हेडक्लार्क यांनी सदर प्रकरणी तज्ज्ञांचा सल्ला रीतसर फी भरून घेतला होता, तो त्यांना पूर्णपणे समजला होता, आणि तरीही त्यांनी व्हायचे ते होऊ दिले. यापुढची हकीकत साध्या भाषेत सांगितलेली बरी, कारण कार्यालयीन भाषेमुळेच हे सगळं रामायण घडलं.

हेडक्लार्कांनी आयुष्यात तीन नोकऱ्या केल्या. पहिली कागदाच्या गिरणीत, दुसरी एका जहाज कंपनीच्या गोदामात आणि तिसरी पाणीपुरवठ्यात. तिथे त्यांनी जी बैठक मारली ती निवृत्तीचं वर्ष उजाडेपर्यंत मोडली नाही. तिन्ही ठिकाणी पगारातून पेन्शनसाठी काहीबाही कापलं गेलं होतं, आणि तिन्ही ठिकाणचे फंड एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या सवतींसारखे वेगवेगळ्या इमारतींत नांदत होते.

हे तिघे एकत्र नांदावेत, ही इच्छा बायकोची. तिला कारण होतं. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि तिच्या गुडघ्यांनी गेल्या दोन वर्षांत असहकार पुकारलेला. त्याच रस्त्याच्या टोकाला तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा विकायची होती. मागचं दार उघडलं की वीतभर अंगण आणि एक नळ. मालक ओळखीचा, ‘तुमचे पैसे येईपर्यंत थांबतो’ म्हणाला होता. बायको जाऊन खिडक्यांची मापंसुद्धा घेऊन आली होती.

“तिन्हीकडची पेन्शन एकत्र केली, की सुरुवातीला एकरकमी बरंच काही हातात येतं म्हणे,” ती म्हणाली.

“कोण म्हणतं?”

“ज्यांना कळतं ते.”

“म्हणजे मला कळत नाही?”

“तुम्हाला कळतं हो. पण तुमच्याकडून होत नाही. आपण पैसे देऊन सल्ला घेऊ.”

सल्ल्याला पैसे! हेडक्लार्कांनी उभ्या नोकरीत लोकांना फुकट सल्ला दिला होता. (घेणाऱ्यांची पुढची अवस्था पाहता भाव योग्यच होता.) पण बायकोने फी आधीच भरून टाकली होती आणि ती परत मिळणार नव्हती. हेडक्लार्क निघाले, बायकोही सोबत निघाली.

सल्लागाराचं ऑफिस चपलांच्या दुकानावर होतं. पिकल्या केसांचा, जाड चष्म्याचा कोणी गृहस्थ असेल, अशी हेडक्लार्कांची कल्पना. समोर बसली होती त्यांच्या मुलीच्या वयाची एक बाई. तिने तिन्ही फंडांचे कागद पाहिले, चार प्रश्न विचारले आणि समोरचा चहा निवायच्या आत सगळा निकाल लावला.

“काका, गोष्ट सोपी आहे. निवृत्तीच्या तारखेआधी तिन्ही रकमा एकत्र झाल्या, तर एक मोठा भाग तुम्हाला रोख मिळतो. त्यात तुमची तळमजल्याची जागा येते. तारीख उलटली, की तिन्हीकडून दरमहा थोडं थोडं सुरू होतं, मग एकत्र करता येत नाही. आठ महिने आहेत. दोन पुरतात.”

“आणि यांच्याकडे काम असलं तर?” बायकोने विचारलं.

“यांच्याकडे काहीच काम नाही. अर्ज मी भरलेत. बाकीचे दोन मीच पाठवते. गिरणीच्या अर्जावर जुना कामगार क्रमांक हवा, तो घरी बघून घाला, सही करा आणि पाठवा. एकच प्रत. सोबत पत्र नको, टिपणी नको.”

“त्यांना परत एकदा सांगा,” बायको म्हणाली.

“काका, एकच प्रत.”

“हे लेखी द्याल?” हेडक्लार्कांनी विचारलं.

तिने दिलं.

आता गिरणी म्हणजे हेडक्लार्कांची पहिली नोकरी. मिसरूड फुटायच्या वयात तिथल्या बड्या कारकुनाने त्यांना शिकवलं होतं, की बाहेर जाणारा कागद दोन प्रतींत जातो. एक प्रत पाठवणं म्हणजे एकाच पायात बूट घालून लग्नाला जाणं. दुसरीकडे एक वेळ चालेल, पण त्याच गिरणीच्या फंडाला एकच प्रत? त्यांचा हात धजेना. त्यांनी अर्जाची दुसरी प्रत काढली, तिच्यावरही झोकात सही केली, आणि वर चार ओळींचं पत्र जोडलं : ‘अर्ज दोन प्रतींत सादर. पोच मिळावी.’

जहाजवाल्यांची आणि पाणीपुरवठ्याची संमती महिन्याभरात आली. गिरणीकडून पत्र आलं :

‘आपले एकाच नावाचे दोन अर्ज प्राप्त झाले. पैकी खरा कोणता?’

हेडक्लार्कांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं, की बायकोला वाटलं पैसे आले.

“आलं का?”

“नाही. पण शंका बघ कशी काढलीय! पाणीपुरवठ्यात इतक्या वर्षांत असा माणूस पाहिला नाही.”

“मग सांगून टाका ना खरा कोणता ते.”

“दोन्ही खरे आहेत. दोन्हीवर माझी सही आहे.” आणि त्यांनी तसं कळवलं.

उत्तर आलं : ‘दोन्ही अर्ज खरे असल्यास आपण एकाच नोकरीची दोनदा मागणी करीत आहात. ती मान्य करता येत नाही.’

यावर हेडक्लार्कांनी लिहिलं, की पहिला अर्ज मूळ समजावा आणि दुसरा प्रत. गिरणीने विचारलं, पहिला कोणता? हेडक्लार्कांनी एकावर ‘एक’ आणि एकावर ‘दोन’ असे आकडे घालून नवे संच पाठवले, अर्थात दोन प्रतींत. गिरणीने नम्रपणे नोंदवलं, की आता अर्जांची संख्या सहा झाली आहे.

बायको गिरणीच्या त्या अदृश्य कारकुनाला ‘गिरणीवाला’ म्हणू लागली. “आला का तुमच्या गिरणीवाल्याचा कागद?” असं ती दारातच विचारी. कारण हेडक्लार्क आता संध्याकाळी घरी आले, की चपला काढायच्या आधी पत्रपेटीची चौकशी करत. पत्र आलेलं असलं, की जेवण निवे. कच्चा मसुदा, पक्का मसुदा, मग मोठ्याने वाचन.

“कसं वाटतंय?”

“मला तुम्ही एवढ्या वर्षांत एक पत्र लिहिलं नाहीत,” बायको म्हणाली.

“तू कधी शंका काढली नाहीस.”

“काढल्या. तुम्ही तोंडी निकालात काढल्यात.”

सहाव्या महिन्यात सल्लागार बाईंचा फोन आला. “काका, हे काय चाललंय? मी त्यांच्याशी बोलले. ते म्हणतात, एक अर्ज ठेवा आणि ‘बाकीचे पाच मागे घेतो’ एवढी एक ओळ लिहून द्या. त्याच दिवशी मंजूर.”

“मागे घेतो?”

“हो.”

“म्हणजे माझं चुकलं होतं, असं लेखी?”

“काका, कोणाचं चुकलं कोण बघतंय!”

“फाइल बघते,” हेडक्लार्क म्हणाले, आणि ‘विचार करतो’ असं सांगून त्यांनी फोन ठेवला. विचार त्यांनी केला. त्याच विचाराच्या भरात त्यांना एक जबरदस्त मुद्दा सुचला : दुसऱ्या प्रतीवर गिरणीनेच आवक शिक्का मारला आहे, तेव्हा त्या प्रतीचा अर्ज बनवला तो गिरणीने, अर्जदाराने नव्हे! असा मुद्दा माणसाला आयुष्यात एकदाच सुचतो. त्यांनी तो कागदावर उतरवला आणि टपालाची शेवटची पेटी निघायच्या आत गाठायची म्हणून पाकीट घेऊन धडाधड जिना उतरू लागले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बायको पायरीवर बसली होती. दोन्ही बाजूंना भाजीच्या पिशव्या. एक गुडघा दोन्ही हातांनी धरलेला.

“अहो, जरा या पिशव्या...”

“आलोच, पेटी निघेल!” असं म्हणून त्यांनी तिच्या बाजूने वाट काढली आणि ते खाली गेले.

पेटी मिळाली. परत येईपर्यंत ती एकटीच वर पोचली होती. कशी, ते त्यांनी विचारलं नाही. त्या वेळी त्यांच्या मनात पत्रातला तिसरा परिच्छेद घोळत होता. (तो परिच्छेद आज त्यांना आठवत नाही. पायरीवरचा तो गुडघा मात्र आठवतो. स्मरणशक्तीची आवक-जावकही अशी वेळेवर होत नाही.)

शेवटी निवृत्तीला थोडे दिवस उरले, तेव्हा सल्लागार बाईच दोघांना धरून गिरणीच्या फंडाच्या कचेरीत घेऊन गेल्या. गिरणीवाला म्हणजे एक वाळका, नीटनेटका माणूस, बाह्यांना शाईचे डाग. नाव ऐकताच तो खुर्चीतून उठला.

“या, या! तुम्हीच का ते! अहो, ‘आवक शिक्का’वालं पत्र मी सगळ्या विभागाला वाचून दाखवलं!”

“आणि तुमचं ते ‘दोनदा मागणी’!” हेडक्लार्कांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. “मी तर घरी म्हटलं...”

“म्हणाले होते,” बायको म्हणाली.

चहा आला. दोघे एकमेकांच्या पत्रातली वाक्यं एकमेकांना ऐकवू लागले. सल्लागार बाई दोनदा खाकरल्या.

“साहेब, यांचा अर्ज आजच मंजूर करता ना?”

“अगदी! काहीच अडचण नाही. फक्त यांच्या शेवटच्या पत्राला आमचं उत्तर जायचंय. मुद्दा भारी आहे, वरिष्ठांच्या सहीने द्यावं लागेल. आणि पत्र अनुत्तरित ठेवून प्रकरण बंद करता येत नाही.”

“मग हे ते पत्र आत्ता मागे घेतात. घेता ना, काका?”

सगळे हेडक्लार्कांकडे पाहू लागले. एक ओळ लिहायची होती. गिरणीवाल्याने स्वतःचं पेनसुद्धा पुढे केलं. पण देताना त्याच्या चेहऱ्यावर असं काही दुःख उमटलं, एवढा सुंदर मुद्दा वाया जाणार म्हणून, की हेडक्लार्कांनी पेन परत केलं.

“यांचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “उत्तर गेलंच पाहिजे. यांच्या जागी मी असतो, तरी प्रकरण बंद केलं नसतं.”

बायको उठून दाराकडे चालू लागली. कठडा धरून एकेक पायरी जिना उतरली. सल्लागार बाई जाता जाता एकदाच बोलल्या : “काका, मी तुम्हाला लेखी दिलं होतं.”

निरोप समारंभात मोठ्या साहेबांनी भाषण केलं, की यांनी टेबलावर एकही कागद कधी पडून राहू दिला नाही. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बायको बसली होती. तिने टाळी वाजवली की नाही, हे हेडक्लार्कांनी बघायचं टाळलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी गिरणीचं जाड पाकीट आलं. हेडक्लार्कांनी उभ्या उभ्या फोडलं आणि ते ओरडत स्वयंपाकघरात गेले.

“जिंकलो! ऐक! ‘आपण उपस्थित केलेला आवक शिक्क्याचा मुद्दा पूर्णपणे रास्त असून, आपला अर्ज प्रथमपासूनच एकच होता, हे हा विभाग मान्य करीत आहे.’ मान्य करीत आहे! वरिष्ठांच्या सहीने!”

“पुढे वाचा,” बायको कणीक मळता मळता म्हणाली.

हेडक्लार्कांनी पुढचं मनात वाचलं.

“मोठ्याने वाचा. रोज वाचता.”

“‘तथापि,’” हेडक्लार्कांचा आवाज एकदम बारीक झाला, “‘दरम्यान आपण निवृत्त झाल्याने रकमा एकत्र करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’”

बायकोने हात धुतले, पुसले, आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथून रस्त्याचं टोक दिसतं.

महिन्याभरात तळमजल्याची जागा दुसऱ्या कोणीतरी घेतली. मालक बिचारा येऊन भेटून गेला. तीन जिने चढून आल्यामुळे धाप लागलेली. “मी थांबलो होतो हो,” एवढंच म्हणत राहिला. आता भाजी हेडक्लार्क आणतात. पिशव्या वर आणताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांचा वेग आपोआप कमी होतो.

एक वाट मात्र उरली आहे, असं सल्लागार बाईंनी फोनवर सांगितलं. फोन त्यांनी बायकोला केला. विलंब माफ करून प्रकरण पुन्हा उघडावं, असा अर्ज करता येतो. माफ झाला, तर तीच नाही, तरी दुसरी एखादी खालची जागा बघता येईल. अर्ज बायकोनेच भरला. ‘विलंबाचे कारण’ या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला : ‘नवरा’.

“जरा सविस्तर लिहायला हवं होतं,” हेडक्लार्क खांद्यावरून डोकावत म्हणाले. “निदान सोबत एक पत्र...”

“तुम्ही फक्त सही करा.”

त्यांनी सही केली. एकच प्रत. पाकीट टाकायला बायको स्वतः गेली. त्यांना हात लावू दिला नाही. तिन्ही जिने उतरली आणि तिन्ही चढून आली.

गिरणीच्या फंडाचं उत्तर आलं आहे. गिरणीवालाही दरम्यान निवृत्त झाला. नव्या माणसाची सही आहे. तो लिहितो, की विलंबाचे कारण या विभागास समाधानकारक वाटते. मात्र निर्णयापूर्वी मागील संपूर्ण पत्रव्यवहार वाचणे बंधनकारक असून, अर्जदाराने तो फारच विस्ताराने केला असल्याने वाचन अद्याप दुसऱ्याच पत्रापर्यंत आले आहे.

अर्ज प्रलंबित आहे.