पाव फेरा बाकी

आमच्या शेजारच्या नानांच्या ओट्यावर, छताला झोपाळ्याच्या दोन भक्कम कड्या आहेत. त्या कड्यांना झोपाळा नाही, सायकल टांगलेली आहे. राखाडी रंगाची, गिअरची. झोपाळ्याच्याच एका साखळीनं तिचं हँडल बांधलंय, दुसरीनं सीट. जमिनीपासून वीतभर वर ती अधांतरी लोंबत असते आणि तिच्या मागच्या चाकाशी नाना पाटावर बसलेले असतात. एका हातानं पायडल फिरवायचं, दुसऱ्या हातानं काहीतरी पिळायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. नवख्या माणसाला वाटतं, घरात काही व्रत चाललंय.

"मना झोका गया, ताई," मी जळगावच्या या कॉलनीत राहायला आले त्याच आठवड्यात नानी मला म्हणाल्या. "आते सायकल झुली राह्यनी. मी आपली खुर्चीवर."

नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. तिथं त्यांचं काम यंत्रांचं दुखणं ओळखायचं. लोखंडी सळईचं एक टोक पंपाला लावायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते साहेबाला सांगायचं. निवृत्तीनंतर सळई सुटली, सवय सुटली नाही. मिक्सर, कूलर, पाण्याची मोटर, सगळ्यांना ते लांब स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकतात. एकदा घरी आलेल्या पाहुण्यांना खोकल्याची ढास लागली, तेव्हा नानींनी पाणी आणायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर लपवला होता.

पण जीव सगळा सायकलीच्या गिअरवर. गिअरच्या सायकलीला मागच्या चाकाशी लहानमोठ्या दातेरी चकत्या एकमेकींना लागून असतात. हँडलवरचा खटका दाबला की केबल ओढली जाते आणि चाकाशी लोंबणारा एक छोटा सांगाडा साखळीला एका चकतीवरून उचलून शेजारच्या चकतीवर टाकतो. केबल जरा सैल पडली की साखळी दोन चकत्यांच्या मध्ये घुटमळते, खरखर करते. केबल ताणायला तिच्या टोकाशी एक छोटी गोल चावी असते. नाना तिला 'कान' म्हणतात, जुन्या रेडिओचा असायचा तसा. हा कान पिळणं हाच नानांचा दिवसभराचा उद्योग, आणि तो कधी पिळून संपलेला मी पाहिला नाही. केव्हाही विचारा, उत्तर ठरलेलं: "झालंच. पाव फेरा बाकी शे."

हा पाव फेरा हळूहळू सगळीकडे शिरला. चहा गोड झाला तर, "नानी, पाव फेरा मागं घे." भरीत जहाल झालं तर, "अर्धा फेरा जास्त पिळलंस." कॉलनीतल्या एका मुलीचं लग्न जमत आलं होतं, तिच्या वडिलांना त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "स्थळ चांगलं आहे. मुलाची आई तेवढी पाव फेरा आवळलेली वाटते." लग्न झालं. सासू खरंच तशी निघाली. त्यामुळे नानांचा भाव वाढला आणि आमची पंचाईत झाली.

माझी सांगते. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून मी हौसेनं गिअरची सायकल घेतली. पहिल्याच दिवशी फाटकातून आत शिरताना नानांनी हात वर करून थांबवलं.

"ताई, टिकटिक येतेय."

"नवी आहे हो नाना."

"नवीच बोलते. जुनी गप्प बसते. ठेवून जा, उद्या न्या."

उद्या गेले तर सायकलीचा मागचा भाग वर्तमानपत्रावर मांडून ठेवला होता. परवा गेले तर पाव फेरा बाकी होता. असे दोन महिने गेले. त्या काळात मी कॉलेजात पायी जात होते, त्यामुळे साखर मात्र उतरली. शेवटी एक दिवस नानी भाजी निवडता निवडता उठल्या आणि सायकलीच्या कुलपाला लोंबणारी किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. किल्ली दांडीवर आपटत होती. टिकटिक थांबली. नाना बराच वेळ किल्लीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तरी पण गिअर सुधारला की नाही?" सुधारला नव्हता. आधी लागणारा शेवटचा गिअर आता लागत नव्हता. ते मी त्यांना सांगितलं नाही.

मेहरूण तलावावर सकाळी घट्ट कपडे आणि हेल्मेट घातलेली सायकलवाली मंडळी येतात. ती चहाला थांबली की नाना त्यांच्या सायकलींजवळ जाऊन उकिडवे बसतात. एकदा एकानं पाहिलं आणि धावत आला.

"ओ काका, काय करताय?"

"काही नाही. ऐकतोय."

"ऐकताय तर हात कशाला लावलाय?"

"हात लावल्याशिवाय कसं ऐकू येईल?"

त्या दिवसापासून ती मंडळी चहा प्यायला गेली की एकाला सायकलींपाशी उभं करतात. नाना मोठ्या कौतुकानं सांगतात, "माझ्यासाठी पहारा लावला."

एवढं सगळं करून नाना स्वतः सायकल चालवत नाहीत. टांगलेल्या सायकलीच्या टायरला अजून रस्त्याची माती लागलेली नाही. मी एकदा सहज विचारलं, "नाना, ही खाली कधी उतरवणार?" नेहमीचं उत्तर येईल म्हणून मी आधीच हसायच्या बेतात होते. नानांनी पायडल सोडलं आणि फडक्यानं चकत्या पुसायला घेतल्या. नानी भांडी घेऊन आत निघून गेल्या. मग मी तो विषय काढला नाही.

गेल्या वर्षी नानांनी एक नवीनच प्रकार सुरू केला. हँडलच्या उजव्या मुठीजवळचा गिअरचा खटका त्यांनी काढला आणि डाव्या मुठीजवळ उलटा बसवला. केबल लांब घातली. आणि खटका स्वतः दाबून बघायचे तो करंगळीनं. करंगळीनं जमलं की नानींना हाक. नानींचे अंगठे संधिवातानं धरलेले.

"डाव्या अंगठ्यानं दाब. जोर लावू नको. झोपेत दाबतेस असं समज."

नानी दाबायच्या आणि म्हणायच्या, "जड शे."

मग नाना केबल बाहेर काढायचे, पुसायचे, तेलाचा थेंब सोडायचे, परत ओवायचे. पुन्हा नानी, पुन्हा अंगठा, पुन्हा "जड शे." मला वाटलं, वेडाची पुढची पायरी आली. नानी मात्र एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलणार, या बाबतीत कधी कुरकुरल्या नाहीत. हळद लावलेला अंगठा घेऊन ओट्यावर यायच्या.

यंदा हिवाळ्याच्या शेवटी मला बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी दोंडाईच्याला परीक्षक म्हणून जायचं होतं. नानांना कळलं तेव्हा म्हणाले, "मी पण येतो. आमचं गाव ते. भावाकडे जायचंय." सुरत लाइनच्या पॅसेंजरला आम्ही चढलो. नानांच्या मांडीवर कापडी पिशवी. अमळनेरला गर्दी उतरली, समोरासमोर जागा मिळाली, तेव्हा त्यांनी पिशवीतून तो खटका आणि नव्या केबलचं वेटोळं काढून पाहिलं आणि पुन्हा आत ठेवलं.

"नाना, सायकल तर घरी टांगलेली. हे कुणासाठी?"

"आबाच्या सायकलीसाठी. आबा म्हणजे माझा थोरला भाऊ."

मग ते खिडकीतून बाहेर बघत सांगत राहिले. "मी निवृत्त झालो त्या दिवाळीत आबा जळगावला आला. म्हणाला, आता तुझी ड्युटी संपली, माझं दुकान पोरानं घेतलं. दोन सायकली घेऊ, सारख्या. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला सायकलवर जाऊ. लहानपणी वडिलांबरोबर, आमच्या दादांबरोबर, बैलगाडीतून गेलो होतो, तसे. सायकली घेतल्या. त्याची मी रेल्वेत चढवून दिली."

"मग?"

"मग माझ्या सायकलीतून आवाज यायचा. दुसऱ्या गिअरला. आबा दर रविवारी फोन करायचा. निघायचं का? मी म्हणायचो, थांब ना भाऊ, साखयी बोली राह्यनी, साखळी बोलतेय अजून. ती दत्तजयंती गेली. पुढची पण गेली." नानांनी पिशवीचं तोंड आवळलं. "आबा म्हणाला होता, अरे, बोलू दे तिला. आपण पण बोलत जाऊ. मी ऐकलं नाही. आमच्याकडे प्लांटमध्ये आवाज आला की यंत्र बंद. कारण सापडल्याशिवाय चालू करायचं नाही. तीच खोड."

गाडी नरडाण्याला बराच वेळ थांबली. एक बाई पेरू घेऊन चढली, नानांनी घेतले नाहीत.

"त्यानंतरच्या उन्हाळ्यात आबाची उजवी बाजू गेली. वाचा पण गेली." पिशवी मांडीवर सरळ करत म्हणाले, "सायकल चालत होती हो, ताई. मोडली नव्हती काही. नुसता आवाज होता."

दोंडाईच्याला उतरल्यावर नानांनी मला कॉलेजची वाट दाखवली आणि पत्ता सांगून म्हणाले, "काम झालं की घरीच या. आबाची सून जेवल्याशिवाय सोडणार नाही."

परीक्षा आटोपून मी दुपारी त्या घरी गेले. मिरच्यांचा हंगाम होता, गल्लीत शिरताच नाकाला झोंबलं. सुनेनं दार उघडलं आणि बोट ओठांवर ठेवून मला मागच्या अंगणात नेलं.

निंबाखाली आबा आरामखुर्चीत बसले होते. नानांचाच चेहरा, आणखी वाळलेला, एका बाजूनं ओघळलेला. त्यांच्यासमोर सायकल स्टँडवर चढवलेली, मागचं चाक जमिनीपासून सुटलेलं, हँडल त्यांच्या हाताशी येईल असं वळवलेलं. डाव्या मुठीवर आबांचा डावा हात होता. तो हातही थरथरत होता. नाना खाली जमिनीवर बसून हातानं पायडल फिरवत होते आणि बोलत होते. आमच्याशी बोलतात ती भाषा नव्हे, घरातली.

"आते नाका उना, आबा. डावीकडे वळ. रस्ता बठ्ठा रिकामा शे."

पायडल सावकाश फिरत होतं.

"आठे दादानी बैलगाडी थांबाडी व्हती. भाकरी खाधी व्हती आपण. याद शे ना?"

आबांनी मान हलवली.

"आते चढ लागना. गिअर खाले घे."

आबांचा अंगठा खटक्यावर सरकला. दाबायला वेळ लागला. नाना पायडल एकाच गतीनं फिरवत राहिले, वर पाहिलं नाही, घाई केली नाही. मग खट्‌ झालं आणि साखळी एका चकतीवरून शेजारच्या चकतीवर चढली. आबांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली. नानांनी पायडल हलकं झाल्यासारखा श्वास टाकला आणि म्हणाले, "हां. आते चढी जाऊत."

"मागच्या वेळी अंगठ्यानं दाबलं जात नव्हतं," सून माझ्या कानाशी हळूच म्हणाली. "नाना खटका घेऊन गेले, हलका करून आणतो म्हणाले. तीनचार वेळा असंच झालं. आज पहिल्यांदा गिअर पडला."

"सारंगखेड्याला पोचतात का?" मी विचारलं.

"नाही. आबा त्याआधी झोपतात."

तसंच झालं. नाना तापीचा पूल दिसायला लागल्याचं सांगत होते, पाणी किती आहे ते सांगत होते, पुलापलीकडे बांधलेल्या घोड्यांचे रंग सांगायला लागले होते, तेवढ्यात आबांची मान एका अंगाला कलली. हात मुठीवर तसाच राहिला. नानांनी बोलणं थांबवलं. पायडल मात्र ते फिरवत राहिले.

मी जवळ जाऊन वाकले. "नाना, झोपलेत ते. आता थांबा, हात भरून येईल."

"चाक थांबलं की त्याला जाग येते," नाना कुजबुजले.

आमच्या गाडीची वेळ होत आली होती. सुनेनं माझं ताट वाढून आणलं आणि मी ओट्याच्या पायरीवर बसून जेवले. पुढची गाडी संध्याकाळी होती, तिनं गेलं तरी चालण्यासारखं होतं. अंगणात नानांनी एका हातातलं पायडल दुसऱ्या हातात घेतलं, चाकाचा वेग तेवढाच ठेवून.